कायमचं म्हणालो होतो

"तुम्हीच म्हणाला होतात ना मास्तर, एकदाच घ्या, कायमचं झालं म्हणून?"

फोनवरचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. चिडक्या गिऱ्हाइकाला थंड करणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आधी ऐकून घ्यायचं, मग 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचं, आणि मग हळूच आपलं घोडं पुढे दामटायचं. पण बूटवाल्या बाईंनी नुसतं विचारलं होतं, विसरला असाल तर आठवण करून देते, अशा सुरात.

"म्हणालो होतो, बाई."

"मग?"

मग काय म्हणायचं ते पुढ्यातल्या कागदावर छापलेलंच होतं. 'ग्राहकाने जुन्या आश्वासनाचा उल्लेख केल्यास' या मथळ्याखाली तीन गुळगुळीत वाक्यं होती. मास्तरांनी कागद पालथा घातला.

"उद्या येतो तिकडे. हे फोनवर बोलायचं नाही."

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर शिकवता शिकवता ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कंपनी दोन खोल्यांची, माणसं नऊ, आणि माल एकच. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नसतात, कुणाचा एक आखूड, कुणाचा आत वळलेला, कुणाची बोटंच नाहीत, अशांच्या पायांची मापं घातली की बुटाचं कातडं कसं कापायचं त्याचा नमुना हे सॉफ्टवेअर काढून द्यायचं. थोरल्या साहेबांनी ते लिहिलं आणि मास्तरांनी ते दारोदार फिरून विकलं. 'एकदाच पैसे द्या, पुन्हा नाव काढणार नाही' हे वाक्य थोरल्या साहेबांचं होतं. पण लोकांनी ते ऐकलं मास्तरांच्या तोंडून.

थोरले साहेब जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांची मुलगी कंपनी बघायची. तिने दोन वर्षं खपून सगळं नव्याने लिहिलं होतं. नव्याचे पैसे दर वर्षी भरायचे आणि त्यातून जुन्या गिऱ्हाइकांनाही सूट नव्हती. जुनं सॉफ्टवेअर दर सकाळी सुरू होताना कंपनीच्या कॉम्प्युटरला परवानगी विचारायचं. महिनाअखेरीपासून ती परवानगी मिळणार नव्हती.

तशी पत्रं कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली होती. त्यांना उत्तर न दिलेल्या एक्केचाळीस जणांची यादी मास्तरांकडे आली. पंधरा दिवस ते फोन करत होते. बहुतेकांनी कुरकुर करून मान डोलावली, कुणी तोंडावर फोन आपटला, एकाने तर 'मास्तर, तुमचीसुद्धा नवी आवृत्ती आली की काय?' असं विचारलं. मास्तर हसले, पण दिवसभर ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. यादीत शेवटी बूटवाल्या बाई उरल्या होत्या. मास्तरांनीच त्यांना शेवटी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा बाई खाली मान घालून रापीने कातडं कापत होत्या. खोलीत गोंदाचा उग्र वास भरला होता. भिंतीभर फळ्या होत्या आणि त्यांवर पायांचे लाकडी साचे. प्रत्येकाच्या टाचेवर खडूने नाव लिहिलेलं. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्याच्या कडेला मास्तरांच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती, 'आधी सेव्ह करा, मग चहा प्या.'

"बसा," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, नवं काय आहे त्यात?"

मास्तरांनी सांगितलं. पायाचा फोटो काढला की मापं आपोआप घेतली जातात, नमुना सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतो.

"चांगलं आहे की. मग ज्याला पाहिजे त्याच्याकडून घ्या पैसे. मेहनत केलीय पोरीने, फुकट का द्यावं? मी जुन्या गिऱ्हाइकाला नवा तळ ठोकून देते तेव्हा पैसे घेतेच ना? सोडत नाही." बाईंनी रापी खाली ठेवली. "पण तळ बदलायचा नाही म्हणाला, तर त्याच्या पायातला बूट ओढून काढत नाही मी."

मास्तर कॉम्प्युटरच्या कडेच्या त्या चिठ्ठीकडे बघू लागले.

"पैसे नाहीत अशातला भाग नाही. तीन-चार वर्षं हात चालतील माझे, तेवढे भरीन एक वेळ. पण एखाद वर्षी नाही भरले, की पुन्हा बंद. तीनशे माणसांचे पाय आहेत त्यात, मास्तर. चार वर्षांची असताना आलेली पोरगी आता स्वतःच्या लेकराचा हात धरून येते. तिच्या पायाची वीस वर्षांची मापं आहेत. ती काय तुमच्याकडे गहाण ठेवू?"

"मी बोलून बघतो," मास्तर म्हणाले.

ऑफिसात सगळ्यांसमोर ते थोरल्या साहेबांच्या मुलीला मॅडम म्हणत. पण ही मुलगी त्यांच्याच टेबलाखाली बसून बाराखडी गिरवायला शिकली होती. त्यामुळे दार लोटलं की ती 'तू' व्हायची आणि मास्तर 'काका' व्हायचे.

"नव्याचे घे पैसे," मास्तर म्हणाले. "फक्त जुनं मारू नकोस. चालतंय तोवर चालू दे."

तिने चष्मा काढून डोळे चोळले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "काका, जुनं चालू ठेवायचं म्हणजे ते सांभाळायला माणूस हवा. बिघडलं की फोन तुम्हालाच येणार. आणि चालू ठेवलं तर नवं घेणार कोण? बाबांनी एकदाच पैसे घेतले, ते त्यांच्याच हयातीत संपले. नऊ माणसांचे पगार मी कशातून काढू? तुमचाही त्यातच आला."

"त्यांनी शब्द दिला होता."

"शब्द बाबांनी दिला आणि निभवायचा मी?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, काका. खरंच केलाय."

केला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हीच तर पंचाईत होती. ती लबाड असती तर मास्तर ताडताड बोलून मोकळे झाले असते. ते उठले. दाराशी जाऊन परत वळले.

"माझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे. ती हवी."

"आत्ता? महिनाअखेरीला?"

"आत्ताच."

तिने कारण विचारलं नाही. मास्तरांनी तिथेच लिहून दिलेल्या अर्जावर तिने सही केली.

घरी मात्र विचारणं झालंच. ती रजा दूरच्या लेकीकडे जायला साठवलेली होती. बायकोने कपड्यांची घडी घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

"ते लिहिलं तुम्ही नाही, घेतलं तुम्ही नाही. मग मध्येच तुमचं काय?"

"मध्ये मीच तर होतो," मास्तर म्हणाले.

तिने घडी मोडून पुन्हा घातली. "लेकीला तुम्हीच कळवा. मला नाही जमायचं." मास्तरांनी कळवलं. लेक 'बरं बाबा' म्हणाली, आणि तिने ते फार पटकन म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते बाईंच्या कारखान्यात जाऊन बसले. परवानगी बंद व्हायच्या आत सगळ्यांचे नमुने कागदावर छापून ठेवायचे होते. जुनं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच पायाचा नमुना छापायचं, तोही तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक पायाला चार कागद. ते कडेला कडा जुळवून चिकटवायचे, पट्टीने मोजून बघायचे, वर नाव लिहायचं. केसभर चुकलं तर पुढे कुणाच्या तरी टाचेला फोड येणार. मास्तर पहिल्या दिवशी नऊ माणसांपुरते पुढे सरकले आणि त्यांची पाठ धरली. तिसऱ्या दिवशी प्रिंटरने मान टाकली. तो उघडून साफ करता करता दुपार गेली. बाई मध्येच हातातलं काम सोडून येत, कागद उजेडात धरत आणि म्हणत, "हा माणूस गेला हो गेल्या वर्षी."

"मग राहू दे?"

"छापा. त्याची बायको विचारते कधी कधी."

दोघं फारसं बोलत नसत. काम कंटाळवाणं होतं आणि बोलून ते कमी होणार नव्हतं. चौथ्या दिवसापासून बाई डिंकाचा ब्रश स्वतःच हातात घेऊ लागल्या. शेवटच्या दिवशी उन्हं उतरायच्या आत तीनशे सात माणसांचे पाय कागदावर उतरले होते. गुंडाळ्या करून त्यांनी त्या साच्यांच्या फळ्यांखाली नावानिशी लावल्या. पाच जणांची मापं फाइलच खराब असल्यामुळे उघडली नाहीत. मास्तरांनी ती पाच नावं वेगळ्या कागदावर लिहून दिली आणि म्हणाले, "ही गेली, बाई. माफ करा."

"बोलावून घेईन पुन्हा. पाय कुठे पळून जातायत!"

पहिल्या तारखेला मास्तर ऑफिसला जाता जाता तिकडे वळले. का वळले, हे त्यांना सांगता आलं नसतं. बाईंनी कॉम्प्युटर लावून ठेवला होता. पडद्यावर मजकूर आला. आपली परवानगी संपली आहे, कृपया संपर्क साधा, आणि त्याखाली मास्तरांच्याच टेबलाचा फोन नंबर. दोघांनी तो वाचला. बाईंनी बटण बंद केलं, वायर गुंडाळून कॉम्प्युटर खाली ठेवला आणि रिकाम्या झालेल्या टेबलावर कातडं पसरलं.

"निघतो," मास्तर म्हणाले.

"थांबा. बूट काढा."

"माझे? कशाला?"

"डावा पाय आत टाकता तुम्ही. टाच एकाच बाजूने झिजते. वर्षानुवर्षं बघतेय."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही कायम आमचंच काम घेऊन आलात. तुमच्या पायाचं कधी विचारलंत?"

मास्तर अवघडून उभे राहिले. मोजा अंगठ्याशी विरला होता. तो झाकायचा त्यांनी प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. बाईंनी जमिनीवर कोरा कागद अंथरला, गुडघे टेकले आणि कानामागची पेन्सिल काढली.

"सगळा भार टाका. उचलून नका धरू."

मास्तरांनी हळूहळू भार टाकला. टाचेपासून निघालेली पेन्सिल घोट्याखालून पुढे सरकत होती. ऑफिसला उशीर होत होता. फोन वाजायला लागले असतील. ते हलले नाहीत.