चार ठोके रिकामे

रॉन्डेल गास्किन आणि मी एकाच इमारतीत वाढलो. तो चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्यावर. ब्रॉन्क्समध्ये आमच्या रस्त्यावर ज्याला तोंड होतं तो रॅप करायचा, पण रॉन्डेलला नुसतं तोंड नव्हतं, धबधबा होता. माझं उलटं. चारचौघांत मला शब्द सुचायचे नाहीत, पण जुन्या तबकडीत ड्रम कुठे एकटे वाजतात ते मी न वाजवता, नुसत्या रेघा उजेडात धरून सांगायचे. एकोणिसाव्या वर्षी आमची जोडी जमली. ठेका माझा, जीभ त्याची. तालीम त्याच्या आईच्या, मिस अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरात व्हायची, कारण इमारतीत तेवढीच एक बाई होती जी आम्हाला हाकलत नसे. ती मासे तळायची, आम्ही टेबलावर सॅम्पलर, म्हणजे तबकडीतले आवाज कापून साठवायचं यंत्र, मांडायचो, आणि आमच्या बऱ्याचशा टेपांवर मागे तेलाची चरचर ऐकू येते.

त्या सॅम्पलरमध्ये दहा सेकंदांचाच आवाज मावायचा. एक दिवस तेवढाही मावेना. कुणीतरी सांगितलं, पुलापलीकडे मिस्टर ओकुबोंकडे ने, ते मेलेला रेडिओसुद्धा उठवतात.

मिस्टर ओकुबो सत्तरीच्या घरात होते. लढाईच्या दिवसांत, जपानी वंशाचे म्हणून, सरकारने त्यांच्या सगळ्या घरादाराला वाळवंटात तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. सुटल्यावर ते इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही सकाळी सातला पोहोचलो तर दार उघडं, आणि म्हातारा मागच्या खोलीत गादीवर मांडी घालून भिंतीकडे तोंड करून बसलेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. रॉन्डेलच्याने राहवेना.

"काय हो मिस्टर ओकुबो, भिंतीशी भांडण झालंय का?"

"झालंय," मागे न बघता ते म्हणाले. "तीस वर्षं झाली. रोज तीच जिंकते."

रॉन्डेल खो खो हसला. मग यंत्र उघडून बघताना म्हातारा माझ्याकडे वळला. "लोक रेडिओ आणतात, म्हणतात आवाज येत नाही. ते सोपं असतं. ज्याचा आवाज थांबतच नाही, तो दुरुस्त करायला वेळ लागतो." बोलत होते माझ्याशी, पण बघत होते रॉन्डेलकडे.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र न्यायला मी एकटी गेले, तर रॉन्डेल तिथे आधीच भिंतीसमोर बसलेला! पाय आखडलेले, तोंड वाकडं, पण गप्प. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बघितलं.

त्यानंतर त्याचं बोलणं बदललं. पूर्वी तो एका श्वासात तीन श्वासांचे शब्द कोंबायचा. आता ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मला वाटलं, आटला हा. चिडून म्हटलं, "अरे, म्हाताऱ्याने तुझी जीभ गहाण ठेवून घेतली की काय? माझा ठेका उघडा पडतोय."

"पडू दे ना, व्हर्ली. चांगला दिसतोय उघडा."

ऐकून बघितलं, आणि तो खरं बोलत होता. मग मीही ठेक्यातून एकेक आवाज काढायला लागले. आधी टाळी काढली, मग झांज, मग मंद्र सुरांतला अर्धा भाग. एकेक वस्तू काढली की उरलेली जास्त जवळ यायची. त्या वर्षी आम्ही बारा तुकड्यांची टेप केली. उन्हाळ्यात गाड्यांच्या खिडक्यांतून ती वाजत जायची आणि मी पायऱ्यांवर बसून मोजायचे, ही आमची, हीसुद्धा आमची.

पुढच्या वसंतात मिस अर्नेस्टीन गेली. सकाळी कामाला निघाली ती बसथांब्यापर्यंतसुद्धा पोहोचली नाही. रॉन्डेल रडला नाही. तीन आठवडे भिंतीसमोर बसला, आणि एका दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाला, "लाव."

आईवरचा तो तुकडा आम्ही एकाच दमात केला. तिच्या चपला, तिचा माशांचा वास, तिच्या शिव्या, सगळं त्यात होतं. शेवटी तिचं नाव यायचं होतं. तिथे तो थांबला. मीही यंत्रावरचा हात उचलला. चार ठोके काहीही वाजलं नाही, फक्त त्याचा श्वास. मग ठेका परत आला आणि तुकडा संपला. आम्ही दोघांनीही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. आजवर माझ्या हातून जे काही झालं त्यात ते चार ठोके सर्वांत खरे आहेत, आणि मी त्यात काहीच केलं नव्हतं.

टेप फिरत फिरत एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाकडे पोहोचली. त्याने फोनवर मला सांगितलं, "पोरी, सगळं झकास आहे. पण ती शेवटची पोकळी भर. रेडिओवाल्यांना वाटेल यंत्र बंद पडलं. शुक्रवारी या दोघं, भरून आणा."

मला ते हवं होतं. ते खोटं कशाला बोलू? मला तबकडीवर आमची नावं हवी होती, माझ्या आईला दाखवायला, इमारतीला दाखवायला. रॉन्डेलला विचारलं तर तो नाही म्हणणार हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही. जुन्या टेपा उलटसुलट केल्या आणि एका टेपेवर मला मिस अर्नेस्टीन सापडली. मागून ओरडत होती, "रॉन्डेल! जेवायला ये, आता तिसऱ्यांदा सांगतेय!" तो आवाज मी कापला, साफ केला, आणि त्या चार ठोक्यांत बसवला. अगदी मापात बसला. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

शुक्रवारी कंपनीत त्या माणसाने तो तुकडा लावला. शेवट आला. मिस अर्नेस्टीनचा आवाज आला. माणसाने टेबलावर थाप मारली, "हेच! हेच पाहिजे होतं!"

मी रॉन्डेलकडे बघितलं. आईची हाक ऐकून तो खुर्चीतून अर्धा उठला होता. खरोखर उठला होता, जेवायला निघाल्यासारखा. मग त्याला कळलं आपण कुठे आहोत. त्याने टोपी घेतली, त्या माणसाला "येतो" म्हणाला, आणि गेला.

तो तुकडा मी कंपनीला दिला नाही. तेवढं केलं. पण ते केलं म्हणून काही परत आलं नाही. पंधरा दिवसांनी मिस्टर ओकुबोंकडून कळलं की रॉन्डेल वर कॅट्स्किलच्या डोंगरात मठात गेला, त्यांच्या ओळखीच्या एका भिक्षुणीकडे. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"नाही. बस," ते म्हणाले, आणि दुसरी गादी सरकवली.

मी बसले. पुढची आठ वर्षं रोज सकाळी बसले आणि तिथून शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत कामाला गेले. सुरुवातीला भिंतीवर मला रॉन्डेलच दिसायचा, त्याची अर्धी उठलेली पाठ. मिस्टर ओकुबोंना सांगितलं, तर म्हणाले, "दिसू दे. तू त्याला खुर्ची देऊ नकोस, हाकलूही नकोस." संध्याकाळी मी ठेके रचत राहिले. प्रत्येकात रॉन्डेलपुरती जागा ठेवायचे. रस्त्यावरची पोरं मागायला यायची, त्यातली काही तयारीची होती, पण कुणी त्या जागेत बोलायला लागलं की मला वाटायचं कुणीतरी त्याच्या ताटात जेवतंय. मिस्टर ओकुबो दुकान बंद करून लेकीकडे सिअॅटलला गेले. जाताना दोन्ही गाद्या मला दिल्या.

शेवटी दहा वर्षांनी मी बसमध्ये बसले आणि वर गेले.

रॉन्डेल मठाच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होता. डोकं तुळतुळीत, पोट थोडं सुटलेलं. मला बघून सुरी थांबली.

"व्हर्ली टिस्डेल. म्हातारी झालीस गं."

"आणि तू अंड्यासारखा दिसतोस."

तो हसला, तोच खो खो. मला दुसरी सुरी दिली. आम्ही शेजारी उभं राहून चिरायला लागलो. पाच-सहा कोबी झाल्यावर मी कसंबसं म्हटलं, "रॉन, मी तुझ्या आईला विकायला निघाले होते."

त्याने पुढची कोबी ओढून दुभागली. मग म्हणाला, "तुला ठाऊक आहे मी का गेलो? तुझ्यावर रागावून नाही. म्हणजे, आधी रागावलोच होतो, तीन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, चांगलं यमक जुळवून. पण नंतर आठवलं, मी गप्प राहिलो होतो तेव्हा मला वाटत होतं, वा! काय गप्प राहिलो! आता लोक रडतील. तू आईचा आवाज विकत होतीस, मी तिची शांतता. दोघंही बाजारातच उभे होतो."

"मग आता परत ये."

"कुठे?"

"खाली. माझ्याकडे जागा आहे. ठेके आहेत, शेकड्यांनी. सगळ्यांत तुझी जागा ठेवलीय."

त्याचे डोळे भरले. "नको ठेवूस, व्हर्ली. जागा ठेव, पण माझी म्हणून नको. कुणाला तरी बसू दे तिथे."

"आणि तू?"

"मी इथे बरा आहे. खाली आलो की बोलत सुटेन."

कोबी मोठ्या पातेल्यात गेली. हात धुताना मी विचारलं, "सुचतं का अजून?" तो लाजला. म्हणाला, झाडताना सुचतं, लिहीत नाही. मी हट्ट धरला. मग त्याने दाराशी उभं राहून, ओल्या बोटांनी चौकटीवर ठेका धरत, हळू आवाजात चार ओळी म्हटल्या. मी हसले, मग रडले, मग बसची वेळ झाली.

बसमध्ये बसल्याबसल्या मी त्या घोकायला लागले. पहिली होती: अंगण झाडून वळलो मागे, तोवर पडलं पान. दुसरी: झाडू म्हणाला, राहू दे रे, त्यालाही आहे मान. शेवटची: संध्याकाळ झाली, मी दमलो, अंगण तेवढंच घाण. तिसरी आठवेना. शहर येईपर्यंत आठवेना. तिच्यात बहुतेक माझं नाव होतं, किंवा नसेलही. मला तसं वाटावंसं वाटतं.

घरी आल्यावर मी रस्त्यावरच्या पोरांना बोलावलं आणि साठवलेले ठेके वाटून टाकले. एका मुलीने त्यातल्या एकावर असं काही म्हटलं की ऐकताना ती जागा कुणासाठी ठेवली होती ते मी विसरले. त्या दिवसापासून मी ठेका आधी रचत नाही. सकाळी गादीवर बसते, शांतता जेवढी असेल तेवढी ऐकते, आणि मग तिच्यात एखादाच ढोल ठेवते, पाहुण्यासारखा.

पण एक ठेका मी कुणाला दिला नाही. त्या तीन ओळींवर रचलेला आहे. दर शरदात नव्याने रचते. आता वीस झाले असतील. दोन ओळी येतात, मग चार ठोके रिकामे, मग शेवटची. रॉन्डेलला मठातून महिन्यातून एकदा फोन करता येतो आणि तो करतो. माझ्या गुडघ्यांबद्दल विचारतो, कोबी यंदा कशी झाली ते सांगतो. तिसरी ओळ विचारली तर तो लगेच सांगेल.

अजून विचारलेली नाही.