आठ जणींचा दोर

बंदरावर तीस वर्षं हमाली केलेला माणूस म्हातारपणी लेकीच्या घरी राहायला आला, की त्याला दिवस खायला उठतो. मामांचं तेच झालं. पहिले दोन महिने त्यांनी खिडकीतून रस्ता पाहिला. तिसऱ्या महिन्यात घरातल्या झाडून सगळ्या पडद्यांच्या दोऱ्या बदलल्या. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आता घरात बांधायसारखं काही उरलं नाही. जरा बाहेर पडत जा."

बाहेर पडून करायचं काय? मामांना एकच गोष्ट येत होती, रस्सीखेच. तिकडे बंदरावर गल्लीगल्लीत संघ होते. लग्न जुळवताना मुलगा दोरावर कितव्या जागी उभा राहतो याची चौकशी व्हायची. आणि बंदरापासून दिवसभराच्या प्रवासावरच्या या गावात दोर म्हणजे कपडे वाळत घालायची वस्तू. मामांनी दोन शाळांत आणि एका तालमीत जाऊन विचारून पाहिलं. "हा पण खेळ असतो का?" असं म्हणून लोकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

लेक एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात मुकादम होती. एका दुपारी मामा तिला न्यायला गेले, तेव्हा पिळणी यंत्र बंद पडलं होतं आणि बायका ओल्या घोंगड्या हातांनी पिळत होत्या. दोन टोकांना दोघी, मध्ये पाणी प्यालेली घोंगडी. त्यातली एक चाळिशीची, उंच, खांद्यांनी रुंद. गुडघे वाकवून, टाच फरशीच्या कडेला रोवून ती अशी मागे झुकली होती की समोरची बाई घोंगडीसकट तिच्याकडे घसरत आली. पाठ सरळ, हनुवटी वर. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मामा दारातच उभे राहिले.

त्या बाईला सगळे खांब म्हणत. मामांनी खेळ समजावून सांगितला, तेव्हा ती हसली. "मामा, घरी ओढाताण काय कमी आहे, म्हणून इथं येऊन करू?"

तरी ती आली. तिच्यामागून सात जणी आल्या. कामाची पाळी सुटली की धुलाईखान्यामागच्या अंगणात, राखेच्या ढिगाऱ्याशेजारी सराव चाले. दोर मामांचा स्वतःचा, तागाचा, हाताला ओळख पटलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दोर हाताला गुंडाळायचा नाही. जीव गेला तरी नाही. आणि दोर कसा आहे ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही." आठ जणींचा श्वास एक व्हायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मामा दहा वर्षांनी तरुण झाले, असं जावई म्हणायचे.

पुढच्या हंगामात मामा त्यांना बंदरावर स्पर्धेला घेऊन गेले. तिथले लोक आधी हसले. "आतल्या गावच्या धोबिणी आल्या," कोणीतरी ओरडलं. पहिली खेच त्या पाऊण मिनिटात हरल्या. दुसरी चार मिनिटं चालली. दुसऱ्या मिनिटाला हसणं थांबलं, तिसऱ्याला लोक उठून उभे राहिले. त्या हरल्याच, पण परतीच्या गाडीत आठही जणी साल निघालेले तळवे एकमेकींना दाखवत बसल्या होत्या. जणू दागिने केले होते.

तिथेच रस्सीखेच महासंघाच्या सचिवांची नजर त्यांच्यावर पडली. पंधरा दिवसांनी ते स्वतः लेकीच्या घरी आले. "मामा, तुम्ही कमाल केलीत. बंदराबाहेर हा खेळ कोणी नेला नव्हता. आता तुमच्या गावात मोठा कार्यक्रम घेऊ. सबंध गाव एका दोरावर! शंभर इकडे, शंभर तिकडे."

"आठ-आठ जणांचा खेळ आहे साहेब."

"आठ-आठ जण ओढतात ते बघायला कुत्रं येत नाही. खेळ वाढवायचाय की नाही?"

"दोर कुठला?"

"जहाजाचा आहे. नायलॉनचा. अंगठ्याएवढा जाड."

नायलॉन ताणाखाली लांबतं, आणि तुटलं की तो सगळा ताण चाबकासारखा उलटा येतो. बंदरावर ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत कोणी शहाणा माणूस उभा राहत नसे. हे मामांना स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. सचिव बोलतच होते. पुढल्या वर्षीची स्पर्धा इथंच, पक्कं मैदान, शाळाशाळांत संघ. मामांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं, "माणसं दोनशेच्या वर नकोत."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मैदानात माणूस मावत नव्हता. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या गावानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं, ते सगळं गाव दोरापाशी लोटलं होतं. सचिवांनी आठ जणींना नवे लाल सदरे दिले आणि दोराच्या मधोमध उभं केलं, फोटोत दिसाव्यात म्हणून.

खांबनं दोर बोटांनी चाचपला. "मामा, हा आपला नाही. गुळगुळीत आहे."

"मोठा कार्यक्रम, मोठा दोर," मामा म्हणाले. "चांगला आहे. दणकट आहे."

तिनं मान डोलावली आणि टाच रोवली.

मामा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, लोकांच्या मनगटांवरचे वेढे सोडवत. ते पुढे सरकले की मागचे पुन्हा गुंडाळत. कडेचे बघेही उड्या टाकून दोराला लागले होते. दोनशेचे चारशे कधी झाले, कळलंच नाही. सचिव मंचावरून हातवारे करत होते, चला, चला.

आज्ञा मामांनीच दिली. "उचला! ताणा! खेचा!"

फार तर दहा सेकंद गेले असतील. बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मागच्या मागे कोसळली. आधी हशा पिकला, गंमत झाली असं वाटून. मग मधून किंकाळी आली. दोराचं तुटलेलं टोक खांबच्या डाव्या हातावरून गेलं होतं.

त्याच दवाखान्यात, जिथल्या चादरी ती धूत असे, तिचा हात कोपराखाली कापावा लागला. टोकाकडच्या तिघांची बोटं गेली. त्यांनी दोर गुंडाळला होता. तिनं गुंडाळला नव्हता. सांगितलेलं सगळं तिनं पाळलं होतं.

आठवड्याभरात सचिव एक कागद घेऊन आले. लोकांनी सूचना न पाळल्यामुळे अपघात झाला, असं त्यात लिहिलं होतं. "सही करा मामा. तुम्हीही सुटाल, खेळही वाचेल."

मामांनी सही केली नाही. चौकशी समितीपुढे ते उभे राहिले आणि म्हणाले, "दोर चुकीचा होता. मला माहीत होतं. आज्ञा मी दिली." सचिवांनी लगेच मान हलवली, हे तर आम्ही पहिल्यापासून म्हणतोय, अशा थाटात. मामांचं नाव महासंघाच्या यादीतून काढलं गेलं. गावात खेळावर बंदी आली. बंदरावर लोक म्हणाले, आतल्या माणसांना दोर कळत नाही, त्यांच्या हाती तो द्यायलाच नको होता. सचिव आहेत तिथेच राहिले.

समितीचं काम संपल्यावर मामा खांबच्या घरी गेले. एक खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला टेकून बसलेली सासू. खांब खाटेवर बसून एका हातानं पोराच्या सदऱ्याचं बटण लावायचा प्रयत्न करत होती. मामांनी मदतीला हात पुढे केला, तो तिनं नजरेनंच थांबवला.

"समितीपुढे म्हणालात ते खरं?" तिनं विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. दणकट आहे म्हणालात."

बटण निसटलं, ते तिनं पुन्हा चिमटीत धरलं.

"का?"

"लोक आले होते गं. एवढे लोक कधी आले नव्हते. वाटलं, आता हा खेळ इथं रुजेल."

बटण एकदाचं लागलं. तिनं पोराला बाहेर पाठवलं.

"रुजला होता की मामा," ती म्हणाली. "आम्ही आठ जणी होतो. तुम्हाला आठ पुरेना."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, बरं केलंत. पण आता इथं येऊ नका. तुम्ही आलात की हात दुखतो, नसलेला."

मामा उठले. सासूनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पिळायला दोन हात लागतात, म्हणून दवाखान्यानं खांबला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायला. बाकीच्या सात जणी लेकीशी कामापुरतं बोलतात. लेक घरी आली की मामांशी तेवढंही बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. मामांनी बंदरावर परत जायचं दोनदा ठरवलं. पण तिथं त्यांना दाराशी उभं करणारं कोणी राहिलेलं नाही.

परवा लेक गोळ्या घरीच विसरली, म्हणून मामांना दवाखान्यात जावं लागलं. फाटकापाशी ते रांगेत उभे राहिले. खांबनं वही पुढे ओढली, कोपरानं दाबून धरली आणि उजव्या हातात पेन घेतलं.

"नाव?" तिनं विचारलं.

मामांनी नाव सांगितलं.

"कोणाकडे?"

"लेकीकडे."

तिनं लिहून घेतलं, वेळ टाकली, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.