पट्टी लावलेला सिलिंडर

आमच्या कामात एक नियम आहे, आणि नव्या पोरींना तो मीच डोळे वटारून शिकवते. पेशंटला लिफ्टने उतरवताना दोघांपैकी एकाने जिन्यानेच यायचं. लिफ्ट अडकली तर बाहेर आपलं माणूस हवं. एवढा साधा नियम, आणि त्या दिवशी तो मीच मोडला, कारण ड्रायव्हरची पाठ धरली होती आणि मला त्याची दया आली. माझ्यासारख्या तुसड्या बाईला दया येते, तीसुद्धा नको तेव्हा.

ड्रायव्हरला आम्ही बुलेट म्हणतो, कारण अँब्युलन्स तो गोगलगायीसारखी चालवतो. सकाळपासून आम्ही दोन पेशंट खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले होते. तिसरा कॉल चौथ्या मजल्यावरचा. आजी, वय चौऱ्याहत्तर, फुफ्फुसं कित्येक वर्षांपासून खराब, आणि आज श्वासच पुरत नव्हता. ओठ निळसर पडलेले. मी नाकात ऑक्सिजनची नळी लावली, खुर्चीत बसवलं, तरी आजोबांचा पाय दारातून हलेना. खिसे चाचपत उभे.

"अहो, किल्ली टीव्हीवर आहे," आजी म्हणाल्या.

"नाहीये तिथे."

"मागे पडली असेल. बघा."

तिथेच होती. आजी माझ्याकडे बघून दर दोन शब्दांना थांबत म्हणाल्या, "हे असं. काखेत कळसा... गावाला वळसा. पन्नास वर्षांत... यांना स्वतःहून... काही सापडलेलं नाही."

"तू सापडलीस की," आजोबा म्हणाले.

"मी तुमच्या आईला... सापडले."

या असल्या अवस्थेत बाई टोमणा मारतेय म्हटल्यावर मला बरं वाटलं. भांडणारा पेशंट सहसा टिकतो.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, चौघांपुरती. आजींची खुर्ची, माझी बॅग आणि आम्ही दोघं, एवढ्यातच ती भरली. "आजोबा, तुम्ही जिन्याने या. सावकाश," मी म्हटलं. बुलेटने तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट जेमतेम माणूसभर खाली गेली, गचका बसला, दिवा विझला. वीज गेली होती.

चौथ्या मजल्याची फरशी आता माझ्या हनुवटीला लागत होती. वर बाहेरच्या जाळीला आपोआप कुलूप बसलेलं, आणि त्या जाळीतून मला दिसत होते फक्त आजोबांचे पाय. तपकिरी चपला, डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. खाली बसलेल्या आजींना तेवढंही दिसत नव्हतं.

बुलेटने जाळी ओढली, लाथा घातल्या, शिव्या घातल्या. जाळी जागची हलली नाही. लाथांचा आवाज ऐकून वॉचमन खालूनच "लिफ्टवाल्याला आणतो" म्हणून ओरडला आणि गेला. कंट्रोल रूमने सांगितलं, दुसरी गाडी चाळीस मिनिटांनी. मजल्यावरची बाकीची दारं बंद होती, सगळे कामावर.

मी सिलिंडरचा काटा बघितला. तो तळाला आला होता. सकाळच्या पेशंटने बराच ओढला होता. चार मजले तर उतरायचेत, खाली गाडीत दुसरे आहेत, म्हणून मी बदलला नव्हता. आता ओढूनताणून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांनी ही बाई माझ्या गुडघ्यांपाशी गुदमरणार, आणि मी, वीस वर्षं हेच काम करणारी, बघत बसणार.

"आजोबा," मी म्हटलं, "गाडीतून ऑक्सिजन आणावा लागेल. जमेल?"

खरं तर माणसाला जिना चढायला लावण्याआधी विचारावं, तुम्हाला छातीचा काही त्रास? पेशंटच्या शेजारच्या माणसाला आम्ही हे कधीच विचारत नाही. तो आमच्या दृष्टीने धडधाकटच असतो. मी पण नाही विचारलं. बुलेटने जाळीतून गाडीची किल्ली दिली आणि मी सांगितलं, "मागचं दार उघडा. डावीकडच्या बाकाखाली पेटी आहे. त्यात असेच छोटे सिलिंडर आहेत, काळे. एक आणा."

"सापडायचं नाही यांना," आजी डोळे मिटून म्हणाल्या.

चपला गेल्या. जास्त पुरावा म्हणून मी ऑक्सिजन कमी केला. लिफ्टमध्ये घामाचा आणि गंजाचा वास कोंडला होता. बुलेट उगाचच मोबाइलचा उजेड चालू-बंद करत होता. मी त्याच्यावर खेकसले. आजींच्या मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात होते.

दहा मिनिटांनी चपला आल्या. धापा ऐकू येत होत्या, पण आवाजात नुसता आनंद. "सापडला गं! आणि उघडे आणले नाहीत हं मी. बघा ताई, पट्टी लावलेला आणलाय. सीलबंद."

त्यांनी सिलिंडर फरशीवर आडवा ठेवला. मानेला पांढरी चिकटपट्टी होती.

आमच्यात सिलिंडर संपला की मानेला पांढरी पट्टी लावतात. गडबडीत चुकून रिकामा उचलला जाऊ नये म्हणून. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण घरात आलेली वस्तू चिकटपट्टी बघून नवी समजणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आणि मी काय केलं? ओरडले. "अहो, रिकामा आहे हा! पट्टी म्हणजे रिकामा! बिनपट्टीचा आणा, बिनपट्टीचा! लवकर, पळा!"

पळा म्हणाले मी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला.

"बरं, बरं," ते म्हणाले. चुकलेलं पोर बोलतं तसं. आणि चपला खरंच पळाल्या.

"ओरडू नका हो... त्यांच्यावर," आजी म्हणाल्या. "ते माझं काम आहे."

यावेळी काटा शून्यावर टेकला तरी चपला आल्या नाहीत. आजींचं डोकं कलायला लागलं. मी खाली बसून त्यांचे खांदे धरले आणि म्हणत राहिले, "माझ्याबरोबर श्वास सोडा, हळू, फुंकर मारल्यासारखा." बुलेटचे ओठ हलत होते, प्रार्थना की शिव्या कोण जाणे. मग जिन्यात आवाज आला. एक पायरी. थांबणं. आणखी एक पायरी.

सिलिंडर बिनपट्टीचा होता. आजोबांनी तो जाळीला टेकवला. मी उठून जाळीतून दोन्ही हात मनगटापर्यंत घातले, जुन्यावरून काढलेला काट्याचा भाग त्यावर बसवला, चावी फिरवली. फुस्स. नळी खाली आजींच्या नाकात. दोन मिनिटांनी त्यांच्या ओठांवर रंग आला आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

आजोबा तिथेच भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. आता त्यांचा चेहरा दिसला मला. राखेसारखा, घामाने डबडबलेला.

"सापडला की नाही?" ते म्हणाले.

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा," खालून आजी म्हणाल्या.

ते हसले. हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मग तो हात जाळीपाशी गळून पडला. मी मनगट पकडलं. नाडी वेडीवाकडी धावत होती, अडखळत होती. मी जाळीवर खांदा आपटला. बुलेटने आपटला. आम्ही दोघं जीव तोडून हाका मारत होतो, "कुणी आहे का?" आणि तो जिना ढिम्म होता. एक हात अंतरावर माणूस. छाती दाबायला मला माझे दोन हात तिकडे हवे होते, आणि तिकडे जात होतं फक्त मनगट. तिसऱ्या मिनिटाला माझ्या बोटांखाली काहीच उरलं नाही.

"काय झालं? ओरडताय का?" आजींनी विचारलं.

"लिफ्टवाल्याला बोलावतोय," मी म्हटलं.

"आणि हे? बोलत का नाहीत?"

"दमलेत. बसलेत जरा."

बुलेटने भिंतीकडे तोंड केलं. मी मनगट सोडलं नाही. का, ते मला विचारू नका. सोडलं असतं तर आजींना कळलं असतं, हे एक. आणि मला ते सोडवतच नव्हतं, हे दुसरं. आजी आता बऱ्या लयीत बोलत होत्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, दाराला कडी घातली का, असं वर तोंड करून विचारत होत्या, आणि मी प्रत्येक वेळी "हो म्हणताहेत" असं सांगत होते.

बारा मिनिटांनी दिवा लागला. तळमजल्याचं बटण दाबलेलंच होतं. बुलेट वरचं बटण दाबत सुटला, ठोसे मारत सुटला, पण लिफ्टने आधीचाच हुकूम पाळला. खाली सरकायला लागली. मी वरच्या सिलिंडरची नळी ओढून काढली. हात मागे घ्यावा लागला.

खाली अँब्युलन्सचं मागचं दार सताड उघडं होतं. घाईत लावायचं राहिलेलं. मी आजींना आत घेऊन मोठ्या सिलिंडरची नळी लावली, तोवर बुलेट बॅग उचलून, धरलेल्या पाठीने, जिन्याकडे धावला होता. तो काय बघायला चाललाय ते मला माहीत होतं.

आजींनी त्याला धावताना बघितलं आणि माझा हात धरला. तोच, मघा मनगट धरलेला.

"त्याला सांगा, यांना घाईने उतरवू नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "यांना जिन्याने धाप लागते. डॉक्टरांनी मनाई केलीय, पण कुणाला सांगत नाहीत. मघाशी मलाही सुचलं नाही. सावकाश येऊ दे. मी थांबते."

मी "हो" म्हटलं.