कपाटात कोंडलेले शास्त्र

मित्रांनो, मी एक जुने मराठी बायबल आहे. चेन्नईच्या आवडी नावाच्या भागात, एका लोखंडी कपाटात मी तीन वर्षे कोंडलेले होते.

त्याआधी मी मधुवंतीबाईंच्या मांडीवर असे. त्यांचे यजमान रत्नाकर संरक्षण कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी बाई मोठ्याने वाचत आणि रत्नाकर मध्येच अडवून प्रश्न विचारत. कधी वाद इतका रंगे की चुलीवरचा भात करपे!

मग बाई वारल्या. रत्नाकर एकटेच वाचू लागले, तेही एकच पान, ईयोबाचे. त्या भल्या माणसाची गुरे गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. तेवढे वाचून ते मला मिटत आणि म्हणत, "माझंही असंच केलंस, देवा."

एके दिवशी त्यांनी मला कपाटात टाकून कुलूप लावले आणि स्वतःलाही घरात कोंडून घेतले. आत काळोख होता. डांबराच्या गोळ्यांचा वास पानापानात भरला, कसरीने माझा कोपरा कुरतडला. बाहेर त्यांची पावले ऐकू येत. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खाटेपर्यंत. हाक मारावी, तर मला आवाज कुठला? वाचणाऱ्याचा आवाज तोच माझा.

एका रविवारी दुपारी कोणीतरी दार वाजवतच राहिले. शेवटी रत्नाकरांनी उघडले. चर्चमधली कीर्ती होती, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी करणारी.

"काका, आमच्या अभ्यासगटात सगळे तमिळमधून वाचतात. मला अर्धंच कळतं. तुमचं मराठी बायबल द्याल?"

"नाही देणार. त्यात हिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत."

"मग तुम्हीच घेऊन या."

ती उंबऱ्यातून हलेना. अखेर किल्ली फिरली.

शेजारच्या सेल्वीअक्कांकडे अभ्यासगटाचे सातआठ जण जमले होते. रत्नाकरांनी मला उघडून तेच पान वाचले आणि फटकन मिटले. "बस. पुढे मित्र येतात आणि त्यालाच दोष देतात."

"दोष नंतर, अण्णा," सेल्वीअक्का तमिळमध्ये म्हणाल्या. इतक्या वर्षांत रत्नाकरांना ती भाषा समजू लागली होती. "आधी ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द न बोलता."

रत्नाकरांनी पान उलटले. खरेच होते. ते त्यांच्या नजरेतून निसटले होते.

"माझ्याकडे कोणीच आलं नाही," ते पुटपुटले.

"आम्ही तीनदा आलो, अण्णा. तुम्ही दार उघडलं नाही."

अक्का खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसल्या. मग कीर्ती बसली, मग सगळेच. रत्नाकर माझ्यावर डोके टेकून रडले. माझी दोन पाने भिजली.

ईयोबाची गोष्ट पुरी व्हायला आम्हाला चार महिने लागले. प्रश्न फार निघाले, भांडणेही झाली.

मित्रांनो, एकटा माणूस आपल्या दुःखापुरतेच पान उघडतो. पुढचे पान उलटायला कधीकधी दुसऱ्याचा हात लागतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी कोंडलेले असेल, तर त्याला बाहेर काढा, धूळ पुसा, आणि चार माणसांत नेऊन वाचा.