पहिल्या बशीपर्यंत ठीक होते

मी एक बशी बोलतेय. माझ्या जोडीचा कप फुटला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही.

माझा जन्म खुर्ज्याच्या भट्टीतला. तिथून गवतात गुंडाळून झाशीला आले आणि खंडेराव गेटजवळ शशिकलाबाईंच्या स्वयंपाकघरात रुजू झाले. कप गेल्यावर मलाही टाकणार होते. पण त्यांचे यजमान दामोदरपंत चहा बशीतूनच पितात, कप त्यांना कुठलाही चालतो. म्हणून राहिले.

रोज सकाळी शशिकलाबाई माझ्यात यजमानांची ब्लडप्रेशरची गोळी ठेवून पूजेला जात. "बरं वाटतंय तर गोळी कशाला," असं म्हणत दामोदरपंत ती खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत टाकत आणि पोळीला लोणच्याचा खार लावून खात. कोरफडीचं ब्लडप्रेशर उत्तम होतं. मला सगळं दिसे, पण बशीचं कोण ऐकतंय?

नात शाल्मली हिंदीच बोलते. मराठी तिला समजतं, आजोबांचे जुने शब्द मात्र डोक्यावरून जातात. एकदा त्यांनी फडताळातून गूळ आणायला सांगितला, तर ती फ्रिजमध्ये शोधत बसली. समजलं नाही की ती "हाँ आबा" म्हणते आणि मोबाइल बघते.

त्या दिवशी सातच्या बातम्या लागल्या होत्या. पहिली बशी पिताना दामोदरपंतांनी शाल्मलीच्या विस्कटलेल्या केसांची थट्टा केली. दुसरी ओतताना चहा माझ्यात कमी आणि टेबलावर जास्त पडला. त्यांनी मला ओठांना लावलं, तर उजव्या कोपऱ्यातून चहा परत माझ्यातच आला. असं कधी झालं नव्हतं. मी घाबरले. ते काहीतरी बोलले. शाल्मली म्हणाली, "हाँ आबा." ते पुन्हा बोलले. ती पुन्हा तेच म्हणाली.

शशिकलाबाई पूजा आटोपून आल्या तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, "आजी, आबा आज एकदम पुरानी वाली मराठी बोल रहे हैं."

बाईंनी नवऱ्याचं बोलणं ऐकलं.

"हे मराठी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी दामोदरपंतांना हसायला सांगितलं. अर्धाच चेहरा हसला. दोन्ही हात वर धरायला सांगितले, उजवा खाली आला. शाल्मली पाणी पाजायला निघाली, तर ठसका लागेल म्हणून बाईंनी ग्लास काढून घेतला आणि तिला अँब्युलन्स बोलवायला लावलं. मुलगा मकरंद बिजौलीच्या कारखान्यातून फोनवर म्हणाला, गॅस असेल, जरा पडू दे, मी दुपारी येतो. बाईंचा भाऊ मधुसूदन असाच जरा पडला होता. घरच्यांनी तेल चोळून त्याला झोपू दिलं. तो जगला, पण बहिणीला पुन्हा नावाने हाक मारू शकला नाही.

"झोपवायचं नाही," बाई मकरंदला म्हणाल्या. "डोक्याचा स्कॅन जिथे होतो, तिथे नेतेय. तिकडेच ये."

त्या दिवशी मला कोणी धुतलं नाही. मुंग्या आल्या. ते परत येतील की नाही, हे मला कोण सांगणार?

पुढचं मी नंतर घरच्यांच्या बोलण्यातून टेबलावरच ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे नीट कधी होते? शाल्मली म्हणाली, "सात की न्यूज़ चल रही थी. पहली बशी तक ठीक थे." मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून ठरावीक तासांच्या आतच देता येतं. ते देता आलं.

आता दामोदरपंत मगातून चहा पितात, कारण उजवा हात अजून थरथरतो. माझ्यात फक्त गोळी असते आणि ती गिळेपर्यंत बाई पूजेला जात नाहीत. खार बंद झाला. कोरफड जरा उतरली आहे.

माझी विनंती एवढीच. कुणाच्या ओठातून चहा ओघळला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि निघा. मध्येच बरं वाटलं तरी निघा.

शाल्मलीने "हाँ आबा" म्हणणं सोडलंय. शब्द समजला नाही की ती मोबाइल खाली ठेवून विचारते, "आबा, हे मराठीच ना?"

ते जीभ सावरत, सावकाश म्हणतात, "मराठीच."

मग ती आजीकडे बघते. आजीने मान हलवली की चहा पुढे चालू होतो.