वाचून दाखवलेला कागद

ज्या वर्षी माझी नात ईशानी जन्मली, त्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, माझ्या मुलाची, रुपेशची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने दुबईत बांधायला घेतलेल्या दोन इमारती अर्ध्यावर थांबल्या आणि ऑफिसातली निम्मी माणसं घरी बसली. नवरा गेल्यापासून मी दुबईत रुपेशकडेच होते.

बारशानंतर चार दिवसांनी तो मला अल कुसैसमधल्या बापूंच्या टायपिंगच्या दुकानात घेऊन गेला. आजऱ्याचं घर आणि मागची जमीन माझ्या नावावर. माझे गुडघे गेलेले. तालुक्याचे हेलपाटे मला झेपणार नव्हते. माझ्या वतीने सगळं रुपेशने करावं, असं मुखत्यारपत्र करायचं होतं.

"यल्ला, चल रुपेश, वकिलातीत साडेअकराचा नंबर आहे," बापू म्हणाले. "काकूंच्या अंगठ्याला शाई तिथंच मिळेल."

"मी वाचते की," मी म्हणाले.

"अहो काकू, चार पानं आहेत!"

"असू देत. सुनेनं, नीलिमानं दोन वर्षं शिकवलंय ते काय किराणाच्या यादीपुरतं?"

बापू हसले, चहा मागवला. मी बोट ठेवून वाचत गेले. चहा निवला. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. घर व जमीन विकण्याचा अधिकार.

"हे काय रं?"

"फॉरमॅटच तसा असतो काकू," बापू घाईने म्हणाले.

रुपेशने चहाचा कागदी कप दाबून चपटा केला. "नाही बापू. मीच घालायला सांगितलं. आई, व्हिसा संपायला बावीस दिवस आहेत. काम नाही मिळालं तर काय करू?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो चपटा कप बोटांत फिरवत राहिला.

"तुला वाटलं, म्हातारी कुठं वाचतीय," मी म्हणाले.

"ती ओळ काढू का?" बापूंनी विचारलं. "पाच मिनिटांत खलास."

त्या घराच्या भिंती मी माझ्या हातांनी लिंपल्या होत्या. रुपेशचा जन्म तिथला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "वेळ आली तर विक. पण मला सांगून विक."

वकिलातीत मी सहीसाठी पेन उचललं. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला. "माताजी, इसमें अंगूठा है. अंगूठा ही चलेगा." पासपोर्ट काढला तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. कागदाच्या शेवटी छापलं होतं: लिहिता-वाचता येत नसल्याने वाचून दाखवला, समजला.

"आई, आधी पासपोर्ट बदलू," रुपेश म्हणाला.

"बावीस दिवसांत?"

मी अंगठा दिला.

विसाव्या दिवशी त्याला अबूधाबीजवळ मुसफ्फात काम मिळालं. कागद कपाटात राहिला. घर त्याने विकलं नाही. दर मे महिन्यात जाऊन कौलं परतून यायचा.

रुपेश २०१२ साली, तुळशीच्या लग्नादिवशी, कामावर असताना हृदयविकाराने गेला. तो बेचाळीस वर्षांचा होता.