परतीची गाडी

“मी आता लेकीकडेच राहणार आहे. परत येईन असं धरून चालू नका,” असं बायकोने सांगितलं, तेव्हा चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती आणि दोन नवऱ्याच्या, म्हणजे कंट्रोलच्या. कंट्रोलनी आपली टोकं नीट जुळवली, पुढे होऊन तिच्या हातात दिली आणि विचारलं, “बंदरापर्यंत गाडी कोणती सांगू?”

यात आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. भाड्याने गाड्या पुरवणाऱ्या कंपनीत त्यांनी उभा जन्म कंट्रोलर म्हणून काढला होता. कुठली गाडी कुणाकडे जाईल, कधी निघेल, कुठे थांबेल हे ठरवणारा माणूस. ड्रायव्हर त्यांना ‘कंट्रोल’ म्हणत. मग शेजारी म्हणू लागले, पुढे पोटची मुलगीही म्हणू लागली. बायको तेवढी ‘अहो’वर थांबली होती. माणूस कुठेतरी जायचं म्हणतो तेव्हा ‘का’ हे विचारायचं नाही, हा त्या धंद्यातला शिष्टाचार. कुठून, कुठे, माणसं किती, बॅगा किती. रडत फोन करणाऱ्यालाही ते हेच चार प्रश्न विचारत, आणि उत्तरं देता देता रडणारा निम्मा सावरत असे. आपण समाजसेवा करतो असं कंट्रोलना त्यामुळे वाटायचं.

कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी बायकोला विमान बंद केलं होतं. म्हणून तिच्या धाकट्या बहिणीने जहाजाची कल्पना काढली. जहाज समुद्रावर हिंडून पुढच्या महिन्यात त्याच धक्क्याला परत लागणार होतं. बहीण त्यातून परत येणार होती. बायको मध्येच, लेकीच्या गावी उतरणार होती. तिच्या तिकिटावर तसं स्पष्ट छापलं होतं आणि ते तिने नवऱ्याच्या हातात दिलं होतं. कंट्रोलनी ते चष्मा लावून वाचलं. टर्मिनलचा दरवाजा कोणता ते लिहिलेलं नाही, एवढीच चूक त्यांना त्यात सापडली.

तिच्या बोलण्याचा अर्थ त्यांना कळला नाही असं नाही. कळला, पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले. दुसरा कुणी असता तर तोंड पुसून स्वयंपाकघरात गेला असता आणि ‘जाऊ नकोस’ म्हणाला असता. कंट्रोलनी उरलेली दाढी पूर्ण केली आणि उपाय शोधला. परतीची गाडी ठरवून टाकायची.

हा उपाय कुणाला हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे अनुभव होता. एकेरी भाड्याला गाडी गेली की येताना ती रिकामी येते, पेट्रोल मालकाचं जळतं. म्हणून परतीचं ठरल्याशिवाय लांबची गाडी सोडायची नाही, हे कंट्रोलचं ब्रीद. आणि ज्याची परतीची गाडी ठरली, तो माणूस परत आला, असंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. एक गृहस्थ तर तिकडेच वारले, तरी ठरल्या तारखेला आले. गाडी फक्त वेगळी लागली.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांनीच तयार केलेली एक मुलगी बसत होती.

“सर, फोनवर नवं बुकिंग बंद झालं. वेबसाइटवरून करा ना.”

“हा गाढवपणा कुणाचा?”

“तुमचाच, सर. जायच्या आधी तुम्हीच करून गेलात.”

कंट्रोलना नियम एकदम शहाणपणाचा वाटू लागला. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी मोबाइल उघडला. मेहुणी आली होती. दोघी बहिणी समोर बसून, काय न्यायचं यावरून कुजबुजत होत्या.

“मोठ्या बॅगा किती?” कंट्रोलनी विचारलं.

“माझी एक,” बायको म्हणाली.

“माझ्या चार धरा, भाऊजी,” मेहुणी म्हणाली.

“चार? जहाजाला नांगर असतो, तो तुला घरून न्यायचा नाहीये.”

“जहाजावर सामान कुणी तोलत नाही म्हणे.”

“म्हणूनच जहाजाची माणसं अशी बेशिस्त होतात. मोठी गाडी घ्यावी लागणार.” त्यांनी मोबाइलवरचं पान खाली सरकवलं. परतीचा प्रवास हवा का, असं मोबाइल विचारत होता. त्यांनी ‘हो’वर बोट ठेवलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, “परतीची तारीख सांगा.”

“माझी मी बघेन,” मेहुणी म्हणाली. “मला घ्यायला पुतण्या येणारे.”

“मी तुला विचारत नाहीये.”

बायकोने टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. “अहो, जायचं तेवढं बघा.”

“जायचं झालं. परतीचं विचारतोय.”

“सांगितलंय मी तुम्हाला.”

“मग कळव सावकाश. पण ‘कळवीन’ हे तारखेच्या रकान्यात बसत नाही. मी जहाज परत लागायची तारीख घालतो. तू कुठे उतरलीस, कुठे चढलीस, त्याच्याशी गाडीचा संबंध नाही. गाडी धक्क्यावर उभी राहील.”

“राहीलच,” बायको म्हणाली. “तुमची गाडी नेहमीच उभी राहते.”

ही स्तुती असावी असं समजून कंट्रोलनी मान हलवली.

“लेकीच्या वेळेला मला कळा सुरू झाल्या, गाडी आली. आई गेली तेव्हा गाडी आली. ऑपरेशनला आली, टाके काढायला आली. एकदाही उशीर नाही.” ती हिशोबाने बोलत होती, आवाज न चढवता. “आईच्या वेळेला तर तुम्ही सगळ्यात चांगला ड्रायव्हर दिला होतात. त्याने मला रुमाल दिला. रडू नका वहिनी, म्हणाला. मग तोच रडला.”

“चांगलाच होता तो,” कंट्रोल म्हणाले. “त्या दिवशी गाड्यांची फार ओढाताण होती, तरी काढून दिला.”

मेहुणीने बहिणीकडे पाहिलं. “ताई, पालथ्या घड्यावर किती ओतशील? हात दुखतील.” मग कंट्रोलकडे वळून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही लेकीच्या लग्नातसुद्धा हॉलच्या फाटकावर होतात. जावयाने तुम्हाला पार्किंगवाला समजून किल्ली दिली होती.”

“पण लावली की नाही नीट गाडी?” कंट्रोल म्हणाले. “लग्नात एकाही पाहुण्याची गाडी अडकली नाही. आहे कुणाच्या घरी असं लग्न?”

कंट्रोलनी वाद जिंकल्यासारखं बटण दाबलं. बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज आला, जाण्याची तारीख वर, परतीची खाली. त्यांनी मोबाइल बायकोसमोर धरला. तिने तो हातात घेऊन दोन्ही तारखा वाचल्या आणि “बरं,” एवढंच म्हणाली.

त्या ‘बरं’वर कंट्रोलनी पुढचे सगळे दिवस काढले. भाजी आणताना, नळाला पाणी भरताना ते स्वतःशी म्हणत, ती ‘नाही’ म्हणाली नाही. ‘बरं’ म्हणाली. बायको त्यांना गॅसचा नंबर, औषधाच्या वेळा आणि वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं नाही ते दाखवत होती. महिनाभरासाठी एवढं कशाला, असं ते हसून म्हणत. ती पुढचं बटण दाखवी.

निघायच्या दिवशी गाडी वेळेआधी आली. ड्रायव्हर ‘मौनी’ होता. हे नाव त्याला कंट्रोलनीच ठेवलेलं, कारण तो झोपेतसुद्धा बोलतो अशी ख्याती होती. पाच मोठ्या बॅगा आत बसवताना त्याने तिन्ही मुलांच्या शाळेची हकिगत सांगितली.

“मीही येतो सोडायला,” कंट्रोल म्हणाले.

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि ‘कशाला उगीच’ असं उत्तर येईल म्हणून तयारीत होते. पण बायको म्हणाली, “या की. तसं धरलंच होतं मी.”

कंट्रोलना हुरूप आला. ते पुढे मौनीशेजारी बसले आणि बंदरापर्यंत त्याला गाडी चालवायला शिकवत राहिले. डावीकडून घे, पुलावरून नको, खालून. मागे दोघी बहिणी खिडकीतून पाहत होत्या. बायकोशी काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. वाक्य लहान होतं. पण मागे वळून बोलायचं तर पट्टा मानेला काचत होता, आणि पुढच्या चौकात रस्ता खणलेला होता. उतरल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं.

टर्मिनलसमोर एकच गल्ली होती, गाडी थांबवायची, माणसं उतरवायची आणि पुढे काढायची. समोर जहाज उभं होतं. एवढं मोठं की ते जहाज न वाटता, कुणीतरी समुद्राला पाठ लावून बांधलेली वसाहत वाटत होती. हमालांनी बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या. मेहुणी त्यांच्यामागे, नांगर मोजत, पुढे गेली.

बायको पर्स खांद्याला अडकवून उभी राहिली. “परतीच्या गाडीचं मी बदलून घेतलंय,” ती म्हणाली.

“बदललंस? तारीख?”

“तारीखही. ऑफिसला फोन केला होता. ती मुलगी चांगली आहे तुमची. आजचीच करून घेतली.”

“आजची? आज कोण परत येतंय?”

“तुम्ही. घरी जायला गाडी नको का?”

कंट्रोलनी मौनीकडे पाहिलं. मौनी डिकी बंद करण्यात गढला होता.

“असं परस्पर बदलता येत नाही,” ते म्हणाले.

“प्रवासी बदलता येतो. फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं. तुमच्यासमोर बसून जेवले इतकी वर्षं. तेवढं तरी येणारच मला.” मग ती थांबली. उन्हामुळे डोळे बारीक करून तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिली. तिला घाई असल्यासारखं दिसत नव्हतं.

लहानसं ते वाक्य कंट्रोलच्या तोंडाशी आलं, आणि त्याच क्षणी मागे भोंगे सुरू झाले. एका पांढऱ्या गाडीवाल्याने गाडी तिरकी घालून सगळी गल्ली अडवली होती. त्याच्यामागे रांग लागली. शिट्टीवाला गार्ड नुसता शिट्टी फुंकत होता, जसा काही वाफेवर चालणारा प्राणी. कंट्रोलना ते पाहवेना.

“एक मिनिट हां,” ते बायकोला म्हणाले.

गाडी सरळ करायला लावली, तिच्यामागच्याला मागे ढकललं, एका बसला हाताने थोपवलं, दोन गाड्या आतल्या बाजूने सोडल्या. गल्ली मोकळी झाली, अगदी पाण्यासारखी वाहू लागली. गार्डने त्यांना सलाम ठोकला. “साहेब, तुम्ही या लाइनमधले दिसता.”

कंट्रोल समाधानाने वळले. बायको उभी होती त्या जागी आता एक तरुण जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. काचेच्या दारापलीकडून मेहुणी हात हलवत होती. तिच्या पुढे, पाठमोरी, बायको चालत होती. ते दाराशी गेले. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, हे त्यांना तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत सांगितलं. त्यांनी आयुष्यभर लोकांना ज्या आवाजात नाही म्हटलं होतं, अगदी त्याच आवाजात.

परतताना मौनीने मागचं दार उघडून धरलं. “पुढेच बसतो,” कंट्रोल म्हणाले.

“नाही सर. प्रवासी मागे. तुम्हीच तर दरडावायचा.”

ते मागे बसले. तिथून रस्ता दिसतच नव्हता, मौनीचं डोकं दिसत होतं. मौनीने ऑफिसला कळवलं, “प्रवासी बसले. सामान नाही.” पलीकडून त्यांच्या शिष्येचा आवाज आला, “नीट ने रे सरांना.” त्या ‘नीट’वरून कंट्रोलना कळलं की ऑफिसात सगळ्यांना सगळं माहीत होतं. बहुतेक गाड्या धुणाऱ्यालासुद्धा.

बंदर मागे पडल्यावर त्यांनी फोन काढला. बायकोने दुसऱ्या रिंगला उचलला.

“काय हो? विसरलं काही?”

“नाही.” मौनी ऐकत होता, त्याला नाइलाज होता. “तू परत येशील का? म्हणजे तारीख नको. असंच विचारतोय.”

पलीकडे कुणीतरी लाउडस्पीकरवर स्वागत करत होतं. ते तिने संपू दिलं.

“नाही,” ती म्हणाली. “पण विचारलंत. मघाशी गाड्या सोडायच्या आधी विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं.”

“मग आली असतीस?”

“नाही. बरं वाटलं असतं म्हणतेय.”

मागून मेहुणीचा आवाज आला, “कोण गं? भाऊजी? वरातीमागून घोडं का?” आणि दोघी बहिणी हसल्या. बायकोचं तसलं हसणं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं होतं ते आठवेना. मग फोन बंद झाला.

गाडी गावात शिरली. मौनी बंदरापासून एक अक्षर बोलला नव्हता. आता त्याने आरशातून पाहिलं.

“सर, कुठे थांबवू? दारात, की कोपऱ्यावर?”

“कुठेही थांबव,” कंट्रोल म्हणाले.

असा पत्ता आजवर कुण्या प्रवाशाने दिला असता, तर त्यांनी त्याला गाडीच दिली नसती.